मॉरिस मायनर की ट्रायम्फ हेरल्ड? पहिली जुनी गाडी घेण्याआधी

इंग्लंडात घर घेऊन झालं, दारापुढे एक जादा गाडी मावेल एवढी जागा आहे आणि शनिवार-रविवार हाताला ग्रीस लागल्याशिवाय करमत नाही, अशी अवस्था झाली की प्रश्न येतो: सुरुवात कुठल्या गाडीने करायची? इथल्या मराठी मंडळींची चर्चा बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबते, मॉरिस मायनर आणि ट्रायम्फ हेरल्ड. कारण उघड आहे. मायनर आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून बनत होती, आणि तिच्याच घराण्यातल्या मॉरिस ऑक्सफर्डची पुढे अँबॅसिडर झाली. हेरल्ड मद्रासला ‘स्टँडर्ड हेरल्ड’ नावाने तयार व्हायची. चार दारांची हेरल्ड तर ब्रिटनने कधी काढलीच नाही, ती फक्त भारतात निघाली. तेव्हा कुणाच्या मामांकडे, कुणाच्या फॅमिली डॉक्टरांकडे यातली एखादी असायचीच.

एमजीबी ही दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी का नाही, असं कुणीतरी विचारणारच. सुट्या भागांच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकत नाही. १९८८ पासून तिची अख्खी बॉडी मूळ साच्यांवर नवीन बनवून मिळू लागली, यावरून कल्पना करा. पण उघड्या एमजीबीत सगळा भार दाराखालच्या सिलवर असतो. सडलेली सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीला आडवी पट्टी ठोकली नाही, तर गाडी मधोमध खचते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. शिकाऊ हातांचं हे काम नव्हे. आणि लँड रोव्हर? बाहेरचा पत्रा अॅल्युमिनियमचा, त्यामुळे दिसायला ठणठणीत; चॅसी (खालचा सांगाडा) आणि बल्कहेड (इंजिनमागची आडवी भिंत) मात्र लोखंडी, ते आतून पोकळ झालेले. शिवाय ती अवजड. दोघींना इथेच निरोप.

पत्रा आणि चॅसी

इंजिन बघून जुनी गाडी घेणारा माणूस फसतो. या दोन्ही गाड्यांची इंजिनं साधी, लोखंडी, चार सिलिंडरची. एक पाने-सेट आणि एक मॅन्युअल असेल तर घरच्या घरी उघडता येतात. पैसा खातो तो गंज. आणि गंजाच्या बाबतीत या दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे, कारण त्यांची बांधणीच वेगळी आहे.

मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. ॲलेक इसिगोनिसची ही गाडी. पुढे मिनी काढणारे तेच. नमुना जवळजवळ तयार झाल्यावर त्यांना ती अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती मधोमध उभी कापून चार इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मध्यावर दिसणारी सपाट पट्टी ही त्याचीच खूण. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. चारही मडगार्ड बोल्टने लावलेले असल्यामुळे ते बदलणं सोपं, आणि नेमकं तिथेच नवखा भुलतो. बाहेरून चकाचक मडगार्ड, आणि खाली?

खाली बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या सीटांखालून जाणारा आडवा क्रॉसमेंबर आधी बघा. पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बारचं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीचं) मागचं टोक त्यालाच अडकवलेलं असतं. तो सडला तर पुढची चाकं ज्याच्या जोरावर उभी आहेत तोच आधार गेला. मग पुढचे चॅसी-लेग (वेगळी चॅसी नसली तरी बॉडीलाच जोडलेल्या पेटीसारख्या लांब दांड्या), मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, आतली सिल. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. धड पत्रा ‘टण’ वाजतो, सडका किंवा फिलर (पुट्टी) भरलेला ‘डब’. गाडीच्या पोटाला नुकताच काळाकुळकुळीत अंडरसील (गंजरोधक लेप) फासलेला दिसला तर मी दुप्पट संशयाने बघतो.

यातलं काहीही सडलेलं निघालं की इलाज एकच, वेल्डिंग. एमआयजी वेल्डिंगचे संध्याकाळचे वर्ग इथल्या बऱ्याच कॉलेजांत असतात, शिकता येतं. पण गाडीच्या पोटाखाली, उताणं पडून, तोंडावर ठिणग्या घेत केलेलं वेल्डिंग हा वर्गातल्या टेबलापेक्षा फार वेगळा मामला आहे.

हेरल्डची गोष्ट निराळी. १९५० च्या दशकात स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी ‘फिशर अँड लडलो’ ही कंपनी बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मॉरिस बनवणारी कंपनी) विकत घेतली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेली. एका साच्यातली सलग बॉडी बनवून देणारा कुणी उरला नाही. तेव्हा नव्या गाडीला जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी दिली आणि बॉडीचे तुकडे ठिकठिकाणी बनवून त्यावर बोल्टने कसले. १९५९ साली बाजारात आलेली ही गाडी त्या काळातही जुन्या वळणाची होती. वर कपडे मात्र इटालियन, जोवान्नी मिकेलॉटी यांच्या हातचे.

त्या वेळची ही अडचण आज हौशी माणसाच्या पथ्यावर पडते. हेरल्डचं छप्पर बोल्ट काढले की निघतं. बॉडीचा पुढचा भाग (टब) वेगळा, मागचा टब वेगळा. दाराखालची सिल बाहेरून लावलेली, तिच्यावर भार नाही. ती सडली तर नवी आणा, बोल्ट लावा, झालं. चॅसीच्या बाहेर आलेल्या फांद्या, ज्यांना आउटरिगर म्हणतात, त्या हमखास सडतात, आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलजवळचे मुख्य रेलही तपासावे लागतात. तिथे वेल्डिंग टळत नाही. पण बॉडी उचलून बाजूला ठेवली की चॅसी उघडी पडते. ती उभी करा, उलटी करा, ट्रेलरवर टाकून वेल्डरकडे न्या. काम डोळ्यासमोर, कमरेच्या उंचीवर.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. हेरल्डची बॉडी चॅसीवर बसते तिथे जागोजागी रबर आणि पातळ चकत्या असतात, आणि कुठे किती चकत्या हे प्रत्येक गाडीत वेगळं. बोल्ट काढताना त्या खाली पडल्या आणि एका डब्यात जमा झाल्या, तर पुढचे कित्येक रविवार दाराच्या फटी जुळवण्यात गेलेच म्हणून समजा. एका बाजूला बोट शिरतं, दुसऱ्या बाजूला कागद शिरत नाही. प्रत्येक जागेची वेगळी पिशवी, पिशवीवर नाव, शिवाय फोनवर फोटो. हा कंटाळा ज्याला नाही त्यानेच हेरल्डची बॉडी उचलावी.

रोजची खटपट

हेरल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं. सगळं इंजिन, स्टिअरिंग, पुढचं सस्पेन्शन उघडं. सरळ पुढच्या टायरवर बसायचं आणि कामाला लागायचं. अशी सोय नव्या गाड्यांतही नाही. गिअरबॉक्स आतून निघतो: सीट काढा, मधलं कव्हर काढा, गिअरबॉक्स तुमच्या मांडीवर. क्लच प्लेट बदलायला गाडीखाली शिरायची गरज नाही.

मायनरचं इंजिन खोलगट जागेत आहे, वाकून काम करावं लागतं. पण बाजूंना जागा ऐसपैस, कारण मुळात तिथे आडवं पसरलेलं फ्लॅट-फोर इंजिन बसवायचा बेत होता. तिची खरी डोकेदुखी म्हणजे ब्रेकचा मास्टर सिलिंडर. तो ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसी-लेगच्या आत दडवलेला आहे, आणि त्याचा बोल्ट ओढायला गेलं की टॉर्शन बार आडवा येतो. शब्दांचा साठा वाढवणारं काम!

टॅपेट जुळवणं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट ठरवणं, दोन्हीकडे सारखंच, आणि पहिल्या रविवारी करायला याहून चांगलं काम नाही. इंजिन थंड हवं. नऊची बेरीज लक्षात ठेवायची: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला जुळवा, सातवा दाबला की दुसरा, सहावा दाबला की तिसरा, असं करत आठही. मायनरला ०.०१२ इंच फट, हेरल्डला ०.०१०. फीलर गेजची पट्टी किंचित अडखळत सरकली म्हणजे जमलं. एक सूचना: मेट्रिक पाने घेऊन जाऊ नका. इथे इंची एएफ पाने (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर इंचांत मोजणारे) लागतात. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर ‘बसल्यासारखा’ वाटतो आणि नटाचे कोपरे घेऊन जातो.

पुढच्या चाकांच्या ट्रनियनबद्दल दोन शब्द जास्त. दोन्ही गाड्यांत हा आटे असलेला सांधा असतो आणि दोन्हींत दुर्लक्ष झालं की चाक कोलमडतं. फरक असा की मायनरला ग्रीस गनने ग्रीस मारायचं, हेरल्डच्या खालच्या ट्रनियनला मात्र गिअरचं घट्ट तेल, ईपी ९०. तेल घालण्याच्या जागी वर्षानुवर्षं ग्रीस भरलेली हेरल्ड बऱ्याचदा भेटते. विकणाऱ्याला सहज विचारा, “ट्रनियनला काय घालता?” त्याच्या उत्तरावरून गाडीची बाकीची देखभाल कशी झाली असेल ते कळतं.

रस्त्यावर

चालवायला मायनर उजवी, यात मला शंका नाही. स्टिअरिंग हलकं आणि नेमकं, गाडी वळणावर भरवशाची, आणि उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून येणारा तो फुरफुरता आवाज. १०९८ सीसीची, म्हणजे १९६२ नंतरची घ्या, आजच्या वाहतुकीत तीच जरा निभावते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पुढे डिस्क लावायचे किट सहज मिळतं आणि बरेच जण लावतात.

हेरल्ड जागच्या जागी वळते, सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात. पार्किंगमध्ये लोक बघत राहतात. पण तिचा मागचा स्विंग ॲक्सल (दोन्ही अर्धे आस मधल्या डिफरन्शियलपाशी वर-खाली झुलतात) लहरी आहे. ओल्या वळणावर वेगात असताना घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, की मागचं चाक आत दुमडतं आणि शेपूट बाहेर येतं. ट्रायम्फच्याच नंतरच्या स्पिटफायर या स्पोर्ट्स गाडीचा सुधारित पाटा बसवून हे बरंच काबूत आणता येतं. घ्यायचीच तर १९६७ नंतरची १२९६ सीसीची १३/६० बघा.

सुटे भाग, पेट्रोल, कागदपत्रं

मायनर सोळा लाखांच्या आसपास बनल्या; दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. त्यामुळे तिचे भाग मुबलक. तिचे पत्रे श्रीलंकेतही बनून इकडे आले आहेत. हेरल्डही पाच लाखांवर बनल्या आणि यांत्रिक भाग स्पिटफायरशी जुळतात म्हणून मिळतात, पण आतली सजावट, ठरावीक पॅनेल यासाठी शोधाशोध आहे. डर्बीचा मॉरिस मायनर ओनर्स क्लब आणि लेस्टरशायरमधला ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब, दोन्ही जागते आहेत. गाडी घेण्याआधी सभासद व्हा, नंतर नव्हे.

बाकी दोघींना लागू असं थोडक्यात. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई१०, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं. सुपर ई५ भरा आणि पाइप बदला. गाडी चाळीस वर्षांपुढची असल्याने रोड टॅक्स शून्य, पण त्यासाठी अर्ज करावाच लागतो. मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटीचीही (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची वार्षिक तपासणी) सक्ती नाही. मी तरी एमओटी करून घेईन. तिऱ्हाईताने गाडी वर उचलून बघितलेली बरी. मायनरला सहसा पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीची अधिक (+) बाजूची तार बॉडीला जोडलेली असते, तेव्हा फोनचा चार्जर जोडण्यापूर्वी बॅटरीची कुठली तार बॉडीला गेली आहे ते बघा. घरात लहान मूल असेल तर आणखी एक: मूळ बनावटीतच सीटबेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवायला कायद्याने मनाई आहे.

तर मग कोणती?

मला विचाराल तर प्रश्न असा मांडा: तुम्हाला गाडी चालवायची आहे की उघडायची आहे? कुटुंबाला घेऊन रविवारी भटकायचं, मध्येमध्ये तेल-ग्रीस-टॅपेट करायचं, एवढंच मनात असेल तर ज्या मायनरचं वेल्डिंग आधीच्या मालकाने फोटोंसकट करून ठेवलं आहे ती थोडे जास्त पैसे देऊन घ्या. चार दारांची सलून घ्या. लाकडी चौकटीची ट्रॅव्हलर मोहात पाडते, पण ते लाकूड शोभेचं नाही, भार पेलणारं आहे. ते कुजलं की सुताराचा खर्च वेगळा. उघडी मायनर घेत असाल तर चॅसी नंबर क्लबकडून पडताळून घ्या. सलूनचं छप्पर कापून केलेल्या ‘कन्व्हर्टिबल’ कमी नाहीत.

पण गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत सोडवून पुन्हा उभी करायची खुमखुमी असेल आणि डोक्यावर छप्पर असलेलं गॅरेज असेल, तर हेरल्ड. गॅरेज नसेल तर नकोच. सोडवलेली हेरल्ड सुटलेल्या बिऱ्हाडासारखी पसरते, आणि इथल्या पावसात उघडी चॅसी दोन आठवड्यांत तांबडी होते. नुसता ड्राइव्हवे असलेल्याने मायनरच बघावी.

हेरल्ड बघायला जाल तेव्हा इंजिन तापवून ठेवू नका असं आधीच सांगा. बॉनेट उघडा, सोबत आलेल्याला क्लच दाबायला सांगा आणि इंजिनच्या पुढच्या पुलीकडे नीट बघा. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसली, तर क्रँकला (इंजिनच्या मुख्य दांड्याला) पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत, कदाचित गळूनही पडले असतील. अशा वेळी क्रँक आणि ब्लॉक दोन्ही कामातून गेलेले असू शकतात. मग किमतीतून अख्ख्या इंजिनाचे पैसे वजा करा, नाहीतर चहा पिऊन परत या.