वजन कमी करण्याची वैयक्तिक सल्लासेवा: चौकशी उत्तम, जनुकचाचणी अनावश्यक

या सल्लासेवेच्या पहिल्या भेटीत आहाराचा तक्ता मिळत नाही, आणि माझ्या मते हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. वजन कोणत्या वयापासून वाढत गेले, आईवडिलांची शरीरयष्टी कशी आहे, झोप पुरेशी लागते का, घोरण्याचा त्रास आहे का, कामाच्या पाळ्या बदलत्या आहेत का, पूर्वी कोणते उपाय केले आणि ते नेमके कुठे सुटले, अशी सविस्तर चौकशी तिथे होते. चालू औषधांची यादीही एकेक करून तपासली जाते. स्टेरॉइड, इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्या आणि मनोविकारांवरील काही औषधे वजन वाढवू शकतात. तरीही सर्वांना एकच छापील तक्ता देणाऱ्या ठिकाणी हा प्रश्न क्वचितच निघतो. अशी औषधे परस्पर बंद करू नयेत, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी पर्यायांबद्दल बोलावे, हेही सल्लागार बजावून सांगतात.

दुसऱ्या भेटीतला बराच वेळ गैरसमज दूर करण्यात जातो. लठ्ठपणा म्हणजे आळस किंवा खाण्यावर ताबा नसणे, हा त्यांतला सर्वांत चिवट समज. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांत माणसामाणसांच्या वजनातील फरकामागे आनुवंशिकतेचा वाटा साधारणपणे 40 ते 70 टक्के आढळला आहे, आणि चरबीच्या पेशींतून मेंदूला साठ्याची खबर देणारे लेप्टिन हे संप्रेरक 1994 मध्ये सापडल्यापासून भूक हा केवळ मनोनिग्रहाचा विषय राहिलेला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आहार कमी करून वजन घटवलेल्या लोकांच्या शरीरातील भूक वाढवणारे संप्रेरक-बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. उतरलेले वजन पुन्हा वाढले की स्वतःला दोष देत बसणाऱ्या माणसासाठी ही माहिती कोणत्याही पथ्याइतकीच मोलाची आहे.

रोज 500 कॅलरी कमी घेतल्या की दर आठवड्याला अर्धा किलो वजन घटतच राहील, हा हिशेबही असाच कागदावरचा. वजन उतरते तसा शरीराचा खर्चही उतरतो आणि भूक वाढते, त्यामुळे काही महिन्यांनी वजनाचा काटा अडतो. सल्लागारांनी ही शक्यता सुरुवातीलाच सांगून ठेवल्यामुळे तो टप्पा आला तेव्हा फारसा धक्का बसला नाही. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी हटवण्याची अपेक्षा त्यांनी दोन वाक्यांत निकालात काढली, ते योग्यच झाले. अहवालात देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) असतो, पण त्याच्याशेजारी कमरेचा घेरही नोंदवला जातो. त्या निर्देशांकाचे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांच्याकडून आलेले आहे आणि त्यांना रस होता तो लोकसमूहांच्या सरासरीत. चरबी किती आणि स्नायू किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

इतकी विचारपूर्वक चालणारी सेवा जनुकचाचणीचे जादा पॅकेज का विकते, हे मात्र मला उमगलेले नाही. कोणता आहार तुम्हाला मानवेल ते ही चाचणी सांगते, असा तिचा दावा आहे. नेमका हाच प्रश्न घेऊन झालेला, 609 जणांचा सहभाग असलेला वर्षभराचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी स्निग्ध पदार्थांच्या गटाचे वजन सरासरी 5.3 किलोने, तर कमी कर्बोदकांच्या गटाचे 6 किलोने घटले, आणि तपासलेल्या जनुकांच्या नमुन्यावरून कोणाला कोणता आहार लागू पडेल हे ठरवता आले नाही. दोन्ही गटांत कोणाचे वजन 30 किलोच्या आसपास उतरले, तर कोणाचे चक्क वाढले. म्हणजे व्यक्तिभिन्नता खरी आहे, पण ती आधी ओळखून देणारी चाचणी आज हाती नाही. काही आठवडे करून पाहणे, नोंदी ठेवणे आणि त्यानुसार आहार बदलणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते काम ही सेवा चाचणीशिवायच चोख करते.

सेवेच्या ॲपमधील एक सोयही खटकते. व्यायामात खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज ते दिवसाच्या आहारात परत जमा करते. मनगटी यंत्रांचे असे अंदाज बरेच चुकतात, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करणेच बरे. औषधांच्या बाबतीत धोरण संयमी वाटले. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाच्या 2021 मधील चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटले, आणि औषध थांबवल्यावर त्यातले बरेच परत आले, या दोन्ही गोष्टी सांगून पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोपवला जातो. पहिले उद्दिष्टही 5 ते 10 टक्क्यांचेच ठेवतात, कारण तेवढ्यानेही रक्तदाब आणि रक्तातील साखर सुधारू शकते.

अनावर खाण्याचे झटके येणाऱ्यांसाठी मात्र ही सेवा अपुरी आहे, कारण तिच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही. अशा व्यक्तींनी आधी तिकडे जावे. इतरांना मी ती निःसंकोच सुचवीन. नोंदणी करताना जनुकचाचणीचा रकाना तेवढा कोरा ठेवावा आणि त्या पैशांत पाठपुराव्याच्या जास्तीच्या भेटी घ्याव्यात, विशेषतः वजन उतरल्यानंतर ते टिकवण्याच्या काळासाठी.