'रोज घाला, काही होत नाही' म्हणून घेतलेली ओपलची अंगठी, १४ महिन्यांनंतर

आधीच सांगते, अंगठी सुंदर आहे. आत्ता हे टाइप करतानाही डावा हात जरा हलला की खड्यात हिरवं-केशरी काहीतरी लकाकतं आणि मी काय लिहित होते ते विसरते. त्यामुळे खड्याला शिव्या घालायला बसलेले नाहीये. माझा राग दुकानदाराच्या एकाच वाक्यावर आहे, ते वर टायटलमध्येच टाकलंय.

चांदीची अंगठी, ९२.५ ची, त्यात सव्वा कॅरेटचा अंडाकृती पांढरट ओपल, चार काट्यांवर बसवलेला, ४२०० रुपये. दुकानाचं नाव लिहित नाही कारण बाकी वागणूक चांगली होती आणि खरं सांगायचं तर हेच वाक्य मला आणखी दोन दुकानांत पण ऐकवलंय. सोबत सर्टिफिकेट मिळालं, त्यावर 'नॅचरल ओपल', वजन, माप, फोटो, सगळं व्यवस्थित. खडा इथिओपियाचा हे बिलावर बारीक अक्षरात होतं, आणि तेव्हा मला वाटलं कुठला का असेना, आपल्याला काय करायचंय.

तर झालं असं की सासूबाई म्हणाल्या ओपल म्हणजे शुक्राचा खडा, शुक्रवारी सकाळी कच्च्या दुधात बुडवून मगच घालायचा. मी पत्रिकावाली नाही पण त्यांचं मन कशाला मोडा, आणि दुकानदारानेही हेच सांगितलं होतं, वर 'गंगाजल असेल तर उत्तमच'. रात्री वाटीत दूध घेऊन अंगठी ठेवली, सकाळी बाहेर काढली तर खडा चक्क काचेसारखा! रंगबिंग काही नाही, खालचं बोट आरपार दिसतंय. मला वाटलं गेले ४२०० रुपये दुधात. दुकानात फोन केला तर म्हणे असं कसं होईल, फोटो पाठवा. पाठवला. त्यावर उत्तर नाही. आणि दोन दिवसांनी, मी आशा सोडल्यावर, ऑफिसच्या वॉशरूममधल्या लाइटखाली बघते तर एका कोपऱ्यातून हिरवा रंग परत यायला लागलेला.

मग वाचत बसले. इथिओपियातल्या वोलो भागातले हे ओपल २००८ पासून बाजारात आले आणि जयपूरला ते मोठ्या प्रमाणात कापले जातात, त्यामुळे आपल्याकडे स्वस्तातला ओपल म्हणून बहुतेक हाच गळ्यात, म्हणजे बोटात पडतो. याला हायड्रोफेन म्हणतात, मराठीत सांगायचं तर खडा पाणी पितो. ओपल म्हणजे सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांची रास, प्रकाश त्यांच्यातून फाकतो म्हणून रंग दिसतात, आणि मधल्या पोकळ्यांत पाणी भरलं की रंग मावळतो, वाळला की परत येतो. ऑस्ट्रेलियाचे बहुतेक ओपल असं करत नाहीत, पण त्यांची किंमत ऐकून मी पुढे चौकशीच केली नाही. नुसतं पाणी असेल तर एकवेळ ठीक, पण पाण्याबरोबर जे विरघळलेलं असतं ते पण आत जातं ना. साबण, तेल, रंग.

हे सगळं वाचून डोक्यात असतानासुद्धा मी काय करावं? रविवारी बांगडे आणले, पाहुणे यायचे म्हणून घाई, अंगठी बोटातच, आणि हळद-मीठ-आगळ चोळून ठेवले. बोटं धुतली, नखं पिवळी राहिली ती नेहमीचीच, पण खड्याची एक कडा अशी पिवळट झाली जशी चहात बुडवलेल्या बिस्किटाची होते. आज सहा महिने झाले. फिका झालाय डाग, गेलेला नाही. ट्यूबलाइटमध्ये कळत नाही, उन्हात हात धरला की मला तेवढंच दिसतं.

दुसरी गोष्ट कोंदणाची. मी डोंबिवली-सीएसएमटी करते, रोज. लोकलमध्ये वरची कडी धरायची म्हणजे अंगठी स्टीलवर घासणारच, त्यात मागून कोणीतरी धक्का देणार. चार काट्यांतला एक आठव्या महिन्यात उचलला गेला, ओढणीचा धागा अडकला म्हणून कळलं, नाहीतर खडा कुठल्यातरी ठाण्या-मुलुंडच्या मध्ये रुळावर गेला असता. खड्यावर बारीक ओरखडे पण आलेत. कडकपणा मोजायच्या मोह्सच्या स्केलवर ओपल साडेपाच ते साडेसहा, आणि आपल्या धुळीत जी बारीक रेती असते ती क्वार्ट्झ, म्हणजे सात. म्हणजे धूळ बसलेला खडा ओढणीने खसाखसा पुसला की आपणच पॉलिश पेपर मारतोय. मी महिनोन्महिने तेच केलं, मोठ्या प्रेमाने.

काटा वाकलाय म्हणून दुकानात गेले तर त्यांनी लगेच 'लाइफटाइम फ्री क्लीनिंग' काढलं, आणि मुलगा अंगठी घेऊन अल्ट्रासॉनिक मशीनकडे निघालाच. मी जवळजवळ ओरडले. कारण माझ्या काकूचा पाचू असाच एका मशीनमधून बाहेर आला तेव्हा आतल्या भेगा पांढऱ्या होऊन वर दिसायला लागल्या होत्या. पाचूला तेल पाजलेलं असतं, भेगा झाकायला, धंद्यात हे सर्रास चालतं, ते तेल मशीनने काढून टाकलं. ओपल, मोती, पोवळं, पाचू यातलं काहीही त्या मशीनमध्ये घालायचं नसतं. त्या पोराची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी ऑफिसातल्या एकीने झवेरी बाजारातल्या एका कारागिराकडे नेलं, जिना चढून वर, एका खोलीत चार जण मांडी घालून बसलेले. या कामाला मात्र पाचपैकी पाच. त्यांनी आयग्लास लावून खडा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, भांडी तुम्ही घासता का?" मी म्हटलं बाई आहे, पण स्वयंपाक मी करते. "मग ओट्याजवळ जाताना काढायची." आधी खडा बाहेर काढला, कारण झाळायची आच लागली तर ओपल तडकतो, मग काटे कापून टाकले आणि भोवती पातळ चांदीची पट्टी लावून बंद कोंदण केलं. खडा आता कडेच्या किंचित खाली बसलाय त्यामुळे कडी धरली तरी पहिला मार चांदीला. पट्टी दाबताना ते श्वास रोखून काम करत होते, मी पण. मागची बाजू उघडीच ठेवली, ओल राहिली तर वाळायला. मजुरी ९०० रुपये, चार दिवस.

आता माझं रूटीन असं की घरात अंगठी नाहीच. लोकलमध्ये बसल्यावर, बसायला मिळालं तर, पर्समधल्या जुन्या कुंकवाच्या डबीतून काढून घालते, तोपर्यंत हँडक्रीम, सॅनिटायझर, अत्तर सगळं लावून वाळलेलं असतं. डबी आधी नीट धुतली हे सांगायला नकोच, लाल ओपल नकोय मला. जून ते सप्टेंबर ती डबीतच जास्त राहते. साफ करायची तर जरासं ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं, बास. दुधाचं सासूबाईंना समजावलं, त्या म्हणाल्या मग नुसती दुधाला दाखवायची.

तर खड्याला चार स्टार, मूळ कोंदणाला दीड, आणि त्या सल्ल्याला काही नाही. ज्यांचे हात दिवसभर कोरडे असतात त्यांनी खुशाल घ्यावी. माझी बहीण माझी अंगठी बघून मागे लागलीये की मलाही अशीच हवी, आणि ती आहे डेंटिस्ट, दिवसातून तीस वेळा हात धुते, वर ग्लोव्हज. तिला म्हटलं तू नीलम घे, हार्डनेस नऊ, धू किती धुवायचंय ते. तर आई मधेच, नीलम असा कोणीही उठून घालायचा नसतो, आधी तीन रात्री उशीखाली ठेवून स्वप्नं कशी पडतात ते बघायचं. सध्या मामला तिथेच अडलाय.