टॉय पॉम कोकणात: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

टॉय पॉमेरेनियन, म्हणजे टॉय पॉम, हा छोटा कुत्रा दिसतो कसा, वजन किती, रंग कोणते, हे तुम्ही आधीच बघून ठेवलेलं असणार. ते सोडून देऊ. किनारपट्टीवर राहत असाल तर हे पिल्लू घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: ऐन जुलैत, लाईट नसताना, याचा भिजलेला अंडरकोट, म्हणजे आतली लोकर, वाळवणार कसा? खाणं, भुंकणं, केस गळणं हे सगळं त्याच्यानंतर.

पॉमच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, सरळ, थोडे राठ. खाली दाट, मऊ लोकर. वरचा थर पंख्याखाली पाव तासात कोरडा होतो आणि फसवतो. खालची लोकर मात्र पाणी धरून ठेवते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आषाढात दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे ही लोकर आपोआप वाळेल ही आशाच सोडा. कातडीजवळ ऊब आणि ओल एकत्र आली की आधी कुबट वास येतो, मग खाजवणं सुरू होतं आणि मग एखाद्या सकाळी कानामागे किंवा मांडीवर लाल, ओलसर, केस चिकटलेला चट्टा दिसतो. याला हॉट स्पॉट म्हणतात. काही तासांत तो तळहाताएवढा होऊ शकतो. त्यावर हळद, खोबरेल काही लावू नका. तेलाने ओल आत कोंडते. चट्ट्यावरचे केस कापून जागा मोकळी करायची आणि डॉक्टर गाठायचा.

अंघोळ पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांनी एकदाच. रोज बाहेरून आल्यावर फक्त पाय आणि पोट पुसायचं. अंघोळीआधी स्टीलच्या कंगव्याने सगळा गुंता काढायचा, कारण भिजल्यावर गाठ घट्ट बसते आणि शाम्पू तिच्यातच राहतो. शाम्पू कुत्र्यांचाच, बाटलीवर लिहिलंय तेवढा पातळ केलेला, पाणी कोमट. मग मायक्रोफायबरचे दोन टॉवेल. दाबून पाणी टिपायचं, चोळायचं नाही. ड्रायर मध्यम किंवा त्याहून कमी उष्णतेवर, वीतभर लांब धरायचा, एका जागी थांबवायचा नाही. दुसऱ्या हाताने केस उलटे धरून खालून वर एकेक ओळ मोकळी करायची; कातडी दिसली पाहिजे. ती ओळ सुकली की वरची. कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी आणि गळ्याखाली हमखास ओल राहते. झाल्यावर दहा मिनिटं थांबा आणि या पाच ठिकाणी बोट थेट मुळापर्यंत घाला. गार लागलं तर तिथे अजून पाणी आहे. हात फिरवून केस कोरडे लागतात म्हणून ड्रायर बंद करू नका. एवढ्याशा जिवाला यात पाऊण तास सहज जातो.

आता लाईटचं. घरातला साधा हेअर ड्रायर 1000 वॅटच्या पुढे खातो. दिवे-पंख्यांसाठी घेतलेला 800-900 व्हीएचा इन्व्हर्टर त्याने लगेच ओव्हरलोड होऊन बंद पडतो, आणि तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. स्वस्तातली सोय अशी: लाईट आहे त्याच दिवशी, सकाळीच अंघोळ. मध्येच गेली तर कोरडा टॉवेल, टेबल फॅन आणि कंगवा. फॅन इन्व्हर्टरवर आरामात चालतो. कुत्रा त्याच्यासमोर धरून ओळी मोकळ्या करत राहायचं. वेळ दुप्पट लागतो, पण वाळतं. पिंजऱ्यात ठेवून बाहेरून गरम हवा सोडायचा प्रकार कुठे दिसला तर तिथून पिल्लू उचलून घरी आणा. उष्माघाताने कुत्रे दगावतात त्यात.

इथे एका ग्रूमिंगवाल्याशी वाद घालावा लागला, तो मुद्दा सगळ्यांच्या कामाचा आहे. ‘पावसाळी कट’ म्हणून तो मशीन लावून सगळा कोट उतरवायच्या बेतात होता, आणि नको म्हटल्यावरही पैसे पूर्ण कटचेच मागत होता. पॉमचा कोट मशीनने बारीक केला की केस परत येतीलच असं नाही. कधी वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी नुसती लोकर येते आणि वरचे राठ केस येतच नाहीत, कधी टक्कल राहतं. शिवाय उघड्या कातडीवर डास आणि ऊन थेट. कापायचं ते एवढंच: पंजाच्या गाद्यांमधले केस, गुदद्वाराभोवतीचे आणि पोटाखालचे थोडे. दुकानात पाऊल टाकतानाच ‘मशीन अंगाला लावायचं नाही’ हे सांगा आणि दर आधी ठरवा.

जुलैच्या अखेरीपर्यंत मत ठाम होतं की कोकणात हा कुत्रा आणूच नये. आता ते तितकं ठाम नाही. आठवड्यातून तीनदा मुळापासून विंचरलेला, कोरडा कोट त्रास देत नाही. मे महिन्यातही त्यातून हवा खेळते. चिऱ्याच्या घरातली थंड लादी, पडवीतली सावली आणि सकाळी सातच्या आत फिरणं एवढ्यावर उन्हाळा निघतो. मात्र दमट हवेत धापा टाकून अंग नीट गार होत नाही, म्हणून दुपारी याला खळ्यात सोडायचं नाही. पण ज्यांच्या घरात दिवसभर कोणी नसतं आणि विंचरायला वेळ नाही, त्यांच्यासाठी पहिलं मत अजून कायम.

गोचिडीचा प्रश्नही शेवटी याच लोकरीवर येतो. मानेवर टाकायचे थेंब कातडीवर पडायला हवेत. पॉमवर ते केसांवरच राहतात, आणि ओल्या अंगावर टाकले तर फुकट. अंघोळीच्या आगेमागे दोन-दोन दिवस सोडून, केस पूर्ण दुभागून टाकले तरच उपयोग. फ्ल्युरालानरची गोळी 12 आठवडे काम करते, म्हणून किंमत ऐकून घाबरू नका, महिन्यावर भागून बघा. पण तिची सर्वांत लहान मात्रा 2 ते 4.5 किलोच्या कुत्र्यासाठी असते. ‘टीकप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दीड किलोच्या पॉमला ती चालत नाही, आणि फिट येणाऱ्या कुत्र्यालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ताप, फिकट हिरड्या, खाणं सोडणं, नाकातून रक्त यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडताप प्लेटलेट पाडतो, आणि एवढ्याशा अंगात राखीव काही नसतं.

लसींमध्ये लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, राहू देऊ नका. भातखाचरं, साठलेलं पाणी आणि उंदीर हे आपल्याकडे आहेच. पहिले दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी.

खर्चाचा सुखद भाग खाण्याचा. अडीच किलोच्या, पूर्ण वाढलेल्या पॉमला दिवसाला साधारण 60 ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, म्हणजे महिन्याला दोन किलोच्या आत. उकडलेला, काटे काढलेला बांगडा चालतो. मीठ लावलेली सुकी मासळी नको, कांदा, मनुका, चॉकलेट तर अजिबात नको. पिल्लाला मात्र दिवसातून चार वेळा भरवायचं. या आकाराची पिल्लं काही तास उपाशी राहिली तरी रक्तातली साखर उतरते: पिल्लू लटपटतं, डोळे विझल्यासारखे होतात, कधी झटका येतो. अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही. मध किंवा ग्लुकोजचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांना चोळायचा, टॉवेलात गुंडाळून ऊब द्यायची आणि निघायचं. डॉक्टरचा नंबर फोनमध्ये आधीपासून हवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातलं बरंचसं काम गाई-म्हशींचं असतं. लहान कुत्र्याला भूल देणारा, सलाईन लावणारा डॉक्टर किती अंतरावर आहे ते पिल्लू आणण्याआधी शोधा.

गळ्यात पट्टा नको, हार्नेस घ्या; याची श्वासनलिका नाजूक असते, आणि हंसासारखा घोगरा खोकला येऊ लागला तर तो बहुधा तिचाच. ओला नायलॉनचा हार्नेस घरात आल्याबरोबर काढा. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते. सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे तसेच असतील तर काढून घ्यावे लागतात. संध्याकाळनंतर एकट्याला बाहेर सोडणं बंद: कातळावर, चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं, आणि गावाकडे बिबट्या कुत्र्यांसाठी पडवीपर्यंत येतो.

विकत घेताना ‘टीकप’ शब्दाला जास्त पैसे मोजू नका; अशी मान्यताप्राप्त जात नाही, ती बऱ्याचदा अशक्त किंवा वयाआधी आईपासून तोडलेली पिल्लं असतात. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद आणि पावती मागा. पॉम म्हणून इंडियन स्पिट्झही सर्रास गळ्यात मारतात, म्हणून आई समोर बघा आणि तिच्या कानामागे बोट घालून लोकर तपासा.

आणायचं तर दसऱ्यानंतर आणा. लसी थंडीत पूर्ण होतात. चार ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस झडून ते कोल्ह्यासारखं दिसतं, त्यात घाबरायचं काही नाही. मोठेपणीचा कोट मिरगाच्या सुमारास भरायला लागतो. मधले महिने ड्रायरची सवय लावण्यात घाला: आधी बंद ड्रायर अंगावरून फिरवायचा आणि खाऊ द्यायचा, मग शेजारच्या खोलीत चालू ठेवायचा, मग समोर थंड हवेवर, रोज दोन-तीन मिनिटं. आवाजाला बुजणारं पिल्लू जुलैत पाऊण तास हातात थांबत नाही.