फ्रीसोइंगचा ‘सँडी’ स्कर्ट: मोफत पॅटर्न, चोख माप

फ्रीसोइंग हा बेल्जियमच्या योस्ट दे कॉक यांनी सुरू केलेला मुक्त-स्रोत प्रकल्प. त्यातला ‘सँडी’ म्हणजे आपल्याकडे अंब्रेला म्हणतात तो घेरदार स्कर्ट. पॅटर्न मोफत आहे आणि एस, एम, एल अशा ठरलेल्या साइझमध्ये येत नाही. कंबर, नितंब, कमरेपासून जमिनीपर्यंतचं अंतर अशी स्वतःची मापं वेबसाइटवर भरली की त्यांवरच आखून मिळतो. तयार साइझचा स्कर्ट कमरेत टिपा घालून बसवणाऱ्यांना एवढंही पुरेसं आहे, पण सँडीची खरी सोय वेगळीच आहे.

ती म्हणजे ‘पेपरलेस’ हा पर्याय. ए-फोरवर छापायचं तर गुडघ्याखाली येणाऱ्या स्कर्टसाठी वीसेक पानं चिकटवावी लागतात, आणि प्रत्येक जोडात मिलिमीटरभर चूक झाली तरी कमरेची गोलाई बिघडते. (छापायचाच असेल तर प्रिंट शंभर टक्क्यांवर ठेवा आणि पानावरचा 10 × 5 सेंमीचा तपासणीचा आयत पट्टीने मोजून मगच बाकीची पानं काढा.) पेपरलेसमध्ये नकाशावर मापं लिहूनच येतात. ती बघून खाकी कागदावर पॅटर्न सरळ उतरवता येतो. कागदाचा कोपरा केंद्र धरायचा, टेपचं टोक तिथे रोवायचं, दर पाच सेंमीवर खूण करत जायचं आणि खुणा जोडायच्या.

पर्याय निवडताना पहिल्या स्कर्टला घेर 50 टक्के, म्हणजे अर्धवर्तुळच ठेवावा. कंबर 72 सेंमी आणि कमरेच्या पट्टीखालची (बेल्टखालची) लांबी 61 सेंमी धरली, तर अर्धवर्तुळाचा खालचा घेर सुमारे 264 सेंमी येतो. पूर्ण वर्तुळाचा 455 सेंमी होतो, कापड दीडपट लागतं आणि मुडप घालताना सगळी दमछाक तिथेच होते. घेर फार कमी करणंही बरं नाही. 25 टक्क्यांवर कमरेखाली 20 सेंमीला फक्त 103 सेंमी मिळतात. नितंबाचं माप 100 असेल तर बसताना ओढ बसते. लांबी थेट सेंमीत न मागता टक्क्यांत मागतात, ते जरा त्रासाचं आहे. आखून आलेला आकडा टेपने अंगावर धरून बघावा. पट्टी नेमकी कमरेवर हवी की खाली, तेही आधी ठरवून घ्यावं. खाली घेतली तर सरळ पट्टी वरून उघडी पडते, तेव्हा गोलाईची पट्टी निवडा.

आता मार्जिन, म्हणजे शिलाईसाठी जादा सोडलेलं कापड. नकाशावर सलग रेघ शिलाईची असते आणि तुटक रेघ कापायची. कमरेला मार्जिन आतल्या बाजूला, केंद्राकडे जातं, म्हणून 72 कमरेला शिलाईची त्रिज्या 22.9 सेंमी आणि कापायची 21.9 सेंमी. सलग रेघेवर कापून 1 सेंमी खाली शिवलं, तर कंबर 3 सेंमीने सैल होते. पूर्ण वर्तुळात तर 6 सेंमीहून जास्त. ‘पॅटर्नचं माप चुकलंय’ अशी तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

वरच्या मापाला 44 इंच पन्ह्याचं 2 मीटर कापड पुरतं. कापड आडवं दुमडून पॅटर्नची एक सरळ कड दुमडीवर आणि दुसरी काठाला समांतर ठेवली, तर अख्खा स्कर्ट एका तुकड्यात निघतो, मागे एकच जोड राहतो. दुसऱ्या काठाला जी सुमारे 24 सेंमी पट्टी उरते त्यात बेल्ट बसतो. 36 च्या पन्ह्यात घेर जेमतेम मावतो आणि धुऊन कापड आटलं की तोही नाही. रेयॉन, कॉटन-लिनन, मऊ पॉपलीन यांत घेर छान पडतो. जाड कॅनव्हाससारखं कापड छत्रीसारखं उभं राहतं. कापण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करा. आणि एकमार्गी प्रिंट टाळाच. या मांडणीत पुढच्या मध्यावर डिझाइन आडवं येतं, मागच्या जोडाच्या एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटं. मंगलदास मार्केटमध्ये घ्या की लक्ष्मी रोडवर, थान उलगडून दोन्ही बाजूंनी बघून घ्या.

शिवण्याच्या पायऱ्या थोडक्यात दिल्या आहेत, मराठीत नाहीत, आणि शिवणकामाची तोंडओळख गृहीत धरलेली आहे. उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं कापड कसं वागतं हे नवशिक्याला आधी कळायला हवं. कापल्याबरोबर, तुकडा टेबलावरून उचलण्याआधी, कमरेच्या कडेपासून 7–8 मिलिमीटरवर मशीनची एक साधी शिलाई घाला, दोन्ही टोकांकडून मध्याकडे. ही शिलाई नसेल तर नुसत्या हाताळण्याने उरेब भाग ताणतो आणि बेल्ट जोडताना दोन-तीन सेंमी कापड उरतं. मग ते चुण्या घालून दडपावं लागतं, आणि ते दिसतंच.

मागच्या जोडाची कड उभ्या धाग्यावर येते, त्यामुळे 8 इंची इनव्हिजिबल चेन तिथे लाटा न येता बसते. जोड शिवण्याआधीच चेन लावा. कडेला पेस्टिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) दोन सेंमी पट्टी चिकटवली तर आणखी बरं. बेल्टसाठी 77 × 10 सेंमी पट्टी कापा. त्यातून 4 सेंमीचा बेल्ट आणि हुकासाठी 3 सेंमी जादा भाग मिळतो. पेस्टिंग पूर्ण रुंदीला लावा. अर्ध्याच रुंदीला लावलेला बेल्ट थोड्याच वापरात गुंडाळतो.

मुडपाची घाई नको. स्कर्ट बेल्टसकट हँगरला चिमट्यांनी एक दिवस टांगून ठेवा. रेयॉन असेल तर दोन दिवस. पुढचा मध्य आणि मागचा जोड जागेवर राहतात, मधला उरेब भाग मात्र खाली उतरतो. मग स्कर्ट घालून उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाकडून जमिनीपासून पट्टीने सारख्या उंचीवर खडूच्या खुणा करून घ्यायच्या. स्वतः वाकून केलेल्या खुणा हमखास चुकतात. जादा कापड छाटून दीड सेंमीत दोनदा दुमडा. त्याहून रुंद मुडप या गोलाईवर पिळते, कारण बाहेरची कड आतल्या रेघेपेक्षा लांब असते. रेयॉनला 11 नंबरची सुई, पॉपलीनला 14.