जुन्या लॅपटॉपची स्क्रीन डेस्कटॉपला : काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपचा मदरबोर्ड दुरुस्तीपलीकडे गेला, तरी त्याची स्क्रीन बहुधा शाबूत असते. आमच्या अशाच एका लॅपटॉपमधले १५.६ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलचे पॅनेल गेले काही महिने डेस्कटॉपला दुसरा मॉनिटर म्हणून जोडलेले आहे.

अशा पॅनेलला एचडीएमआयची केबल थेट लागत नाही. त्याची जोडणी लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनसाठी वापरल्या जाणाऱ्या ईडीपी किंवा, जुने असल्यास, एलव्हीडीएस पद्धतीची असते आणि मध्ये कंट्रोलर बोर्ड, म्हणजे एचडीएमआयचे संकेत पॅनेलच्या पद्धतीत बदलणारे सर्किट, घ्यावाच लागतो. इंदूरमध्ये जेल रोडवर चौकशी केली की दुकानदार आधी 'लॅपटॉप कौनसा है' असे विचारतो. पण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची पॅनेले बसवलेली असतात, त्यामुळे पॅनेल बाहेर काढून त्याच्या पाठीवरच्या स्टिकरचा क्रमांक दाखवावा. बोर्डातले फर्मवेअर, म्हणजे त्यात भरलेले सॉफ्टवेअर, त्या पॅनेलच्या रिझोल्यूशनशी जुळणारे हवे, नाहीतर चित्र फाटलेले किंवा दुहेरी दिसते.

खरी काळजी व्होल्टेजची. बोर्डाला १२ व्होल्टचा अॅडॉप्टर लागतो, पण लॅपटॉपच्या पॅनेलला साधारणपणे ३.३ व्होल्टच द्यायचे असतात. एलव्हीडीएसच्या अनेक बोर्डांवर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट निवडण्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. तो चुकीच्या जागी ठेवून वीज चालू केली, तर पॅनेल कायमचे जाते. ईडीपी केबलचे पॅनेलला लागणारे ३० पिनी कनेक्टर वरून दाबून नव्हे, तर पॅनेलच्या सर्किटपट्टीच्या पातळीतच, दोन्ही कोपऱ्यांवर सारखा जोर देत सरकवायचे असते आणि त्यावरची मूळ चिकटपट्टी परत लावायची असते, कारण केबलला जरा ताण बसला की चित्र लुकलुकू लागते.

वापराबद्दल सांगायचे, तर ईमेल, हिशेबाची पत्रके आणि संदर्भासाठी उघडे ठेवलेले पान यांना ही स्क्रीन पुरते. देवनागरी मजकुरातल्या वेलांट्या आणि रफार स्पष्ट दिसतात, मात्र संगणकातून मूळ रिझोल्यूशनच पाठवले पाहिजे. १३६६ ला ८ ने भाग जात नसल्यामुळे काही ग्राफिक्स ड्रायव्हर १३६० हाच पर्याय देतात, आणि मग अक्षरे किंचित धूसर होतात. फोटोंच्या रंगांसाठी मात्र हिच्यावर विसंबू नये. टीएन जातीचे, म्हणजे समोरूनच नीट दिसणारे, हे पॅनेल खालून पाहिले की काळवंडते. पॅनेल आडव्याचे उभे फिरवून पाहिले तेव्हा हा दोष डावी-उजवीकडे आला आणि दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी छटा दिसू लागली, त्यामुळे तो बेत सोडला.

चौकट प्लायवुडची केली आहे. पॅनेलच्या खालच्या कडेची सर्किटपट्टी झाकली जाईल, पण दाबली जाणार नाही, इतकी फट तिच्यात ठेवली.

फुल एचडी (१९२० × १०८०) आणि आयपीएस जातीचे, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारे, पॅनेल हाती असेल तर हा खटाटोप जरूर करावा. १३६६ च्या पॅनेलसाठी बोर्ड, अॅडॉप्टर आणि चौकट यांचा खर्च जुन्या मॉनिटरच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर सरळ जुना मॉनिटर घ्यावा. एलईडीऐवजी ट्यूबचा बॅकलाइट असलेल्या पॅनेलच्या वाटेला जाऊ नये, कारण त्याच्या इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे ट्यूबला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, शेकडो व्होल्ट खेळत असतात आणि घरगुती चौकटीत तो उघडा राहण्याचा संभव फार.