फाट्यावरचं भाकर केंद्र : सोमवार सोडून कधीही जा

मी एसटीत कंडक्टर आहे. चार वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसवर ड्यूटी आहे. पोरींना सकाळी शाळेत सोडायचं, संध्याकाळी गावोगाव परत न्यायचं. हॉटेलांबद्दल लिहिणारा मी माणूस नाही, पण या फाट्यावर दीड वर्षापासून जेवतोय, तेवढा हक्क बनतो.

टिनाचं शेड, दोन बाकडी, बचत गटाच्या चार बाया. बोर्डावर नुसतं ‘भाकर केंद्र’. आत 2023 सालचा एक फ्लेक्स अजून लटकलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचं म्हणून पाळलं होतं, तेव्हाचा. त्यावर मोठ्या अक्षरात ‘मिलेट’. एका पोरीनं विचारलं, मावशी, मिलेट म्हणजे काय? मावशी हातातली भाकर थापता थापता म्हणाल्या, “जवारीच हाये ते बाई. नाव बदलवलं फक्त.”

साठ रुपयांचं ताट. दोन भाकरी, पिठलं नाहीतर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा. अंबाडी असेल त्या दिवशी दुसरं काही मागू नका. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो आणि मग जवसाची चटणी त्याला आवरते. पिठलं मात्र साधारण. पातळ करतात आणि मीठ कधी जास्त, कधी विसरलेलं.

भाकर चुलीवरची. काठवटीत पीठ घेऊन वर गरम पाणी, मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडत राहायचं. गव्हाच्या कणकेसारखी ओढ ज्वारीत नसते, म्हणून मळणं कमी पडलं की थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, मग निखाऱ्याला लावून फुगवायची. हे सगळं भराभर होतं, आणि मी तिकीट मशीन गळ्यात अडकवून बघत उभा राहतो. दोन्ही पापुद्रे वेगळे झाले की मावशी न बघता ती टोपलीत फेकतात.

आता सोमवार. रविवारी गिरणी बंद, म्हणून सोमवारी शिल्लक पीठ वापरतात. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग कितीही रगडा, भाकर चिरते आणि चवीला कडसर लागते. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा हसून ताक वाढवून दिलं. ताक चांगलं होतं, पण तक्रार तशीच आहे.

खरं म्हणजे मी लिहितोय ते संध्याकाळच्या सव्वापाचसाठी. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलंच आहे : सहावी ते आठवीला 700 कॅलरी, 20 ग्रॅम प्रथिनं. नववीत गेली की पोरीची भूक संपते असं भिंतीवर कुठं लिहिलेलं नाही, पण ताट मात्र बंद होतं. नववी-दहावीच्या पोरी सकाळी साडेआठला माझ्या गाडीत बसतात. डब्यात कोणाच्या पोळी-बटाटा, कोणाचा डबाच नाही, कारण आई सहाला कापूस वेचायला गेलेली. संध्याकाळी गाडी झाडली की सीटखालून टपरीवरच्या खाऊची पाच-पाच रुपयांची रिकामी पाकिटं निघायची, मूठ-मूठभर. शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचा असा माल विकू नये, हा 2020चा नियम आहे. टपरीवाल्यांना मीटर मोजायचं कोणी शिकवलं नसावं.

या बायांनी भाषण दिलं नाही. टपरीच्या आधी चूल पेटवली, बस्स. सव्वापाचला अर्धी भाकर, चटणी आणि पेलाभर ताक, वीस रुपये. नाहीतर ताकातल्या कण्या. भुईमूग निघाला की उकडलेल्या शेंगा दहा रुपयांना ओंजळभर. ही इथली सगळ्यात चांगली वस्तू आहे, आणि गाडीत टरफलं टाकू नका म्हणून ओरडायचं काम माझं.

वीस रुपये रोज कुठून आणायचे, त्याचीही तोड आहे. एक वही ठेवली आहे. आईनं पायलीभर ज्वारी आणून दिली की पोरीच्या नावावर महिनाभराच्या अर्ध्या भाकरी. वहीत आतापर्यंत अकरा नावं. जास्त होत नाहीत, कारण ज्वारी पेरतोच कोण? सगळीकडे कपाशी आणि सोयाबीन. थोडी पेरली तर पाखरं आणि रानडुकरं वाटा घेतात. रेशनवर बहुतेक गहू-तांदूळच येतो, ज्वारी विकत आणावी लागते. माझ्या लहानपणी पोळी पाहुणा आला की व्हायची. आता माझ्या घरी बायको भाकरीसाठी रविवार ठरवते.

एका गोष्टीवर मात्र मावशींशी माझं भांडण आहे. गेल्या दिवाळीपासून दाराशी ‘मिलेट चकली’ आणि ‘मिलेट शेव’ची पाकिटं टांगलीत, दहा रुपयांना. तळलेली ती तळलेलीच. पोरी शेंगा सोडून तिकडे हात घालतात, आणि माझ्या सीटखाली पुन्हा पाकीट. मी म्हटलं, टपरी आणि तुम्ही एकच झाले नं. मावशी म्हणाल्या, “भाऊ, भाकरीत गॅसचे पैसे बी निघत नाही. हे विकून निघते.” चूल लाकडाची आहे हे मी तेव्हा बोललो नाही, पण हिशेब पटला. राग गेला नाही.

बाकी : तवा एकच, त्यामुळे सहा-सात माणसं आली की पंधरा मिनिटं धरून चाला. हात धुवायला नळ मागच्या बाजूला, साबण कधी असतो. पेला आपला आपण विसळून ठेवायचा. माझी गाडी 5:35ला सुटते. “काका, दोन मिनिटं थांबा नं, भाकर तव्यावर हाये,” म्हटलं की ड्रायव्हरभाऊ थांबतात, पण त्यांना अर्धा वाटा द्यावा लागतो.

सुट्टे पैसे घेऊन जा. माझ्याकडे मागायला येऊ नका.