चाकाचा आऊट घरी काढायचा की सायकलवाल्याकडे न्यायचं?

आऊट म्हणजे फिरताना चाक एका जागी डावी-उजवीकडे डुलणं. चाक फिरवलं की एकाच जागी ब्रेक रबराला खस्स खस्स घासतंय, एवढाच प्रॉब्लेम असेल तर माझं मत सरळ आहे, पुढचं चाक असेल तर घरी शिका. मागचं असेल तर थोडं थांबा, त्याचं खाली सांगतो.

घरी करायला लागतं काय तर एक स्पोक चावी, बस. पण ती निपलला, म्हणजे रिमजवळ स्पोकच्या टोकाला असलेल्या छोट्या नटाला, फिट बसली पाहिजे. निपल ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी अशा मापांचे येतात, चावी जरा जरी सैल असली की निपलच्या कडा झिजून तो गोल होतो आणि मग पक्कड लावायची वेळ येते. सायकल उलटी ठेवायची, टायरची हवा थोडी काढायची. रिम डावीकडे येत असेल तर तिथला हबाच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उजव्या बाजूला जाणारा स्पोक पाव फेरा घट्ट आणि शेजारचा डावा पाव फेरा सैल. आता इथे सगळे फसतात, कारण ब्रेकजवळचा निपल आपण हबाच्या बाजूने बघत असतो, त्यामुळे घट्ट करायला चावी घड्याळाच्या उलट फिरवावी लागते. डिस्क ब्रेक असेल तर चिमट्याला (चाक ज्यात बसतं त्या दांड्यांना) एक झिप टाय बांधा, तिचं टोक रिमपासून कागदाएवढं लांब ठेवा, कुठे घासतंय ते लगेच दिसतं.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा नुसतं घट्टच करत गेलो, सैल करायची भीती वाटायची. आऊट गेला खरा, पण तेवढ्या भागात रिम आत ओढली गेली आणि चाक उडी मारायला, म्हणजे फिरताना वर-खाली व्हायला लागलं. उडी काढणं आऊट काढण्यापेक्षा कितीतरी अवघड, ती मला घरी नाही जमली, शेवटी दुकानातच नेलं.

मागच्या चाकात फ्रीव्हीलमुळे (चेन बसते त्या दातेरी चक्रामुळे) उजवे स्पोक जास्त ताणलेले आणि डावे ढिले असतात, म्हणजे दोन्हीकडे सारखा पाव फेरा दिला तरी परिणाम सारखा होत नाही. बोटाने स्पोक वाजवून बघा, उजवीकडचा आवाज बारीक येतो, डावीकडचा जाड. हा फरक कानाला कळायला लागला की मगच मागच्याला हात घाला.

सायकलवाल्याकडे कधी? निपल गंजून बसलेत आणि तेल सोडून रात्रभर ठेवलं तरी हलत नाहीत, स्पोक तुटलाय, किंवा खड्ड्यात जाऊन चाकाचा पार आठ झालाय, तर घरी वेळ घालवू नका. वाकलेली रिम स्पोक ओढून सरळ करायला गेलात तर थोड्या दिवसात एकेक स्पोक तुटायला लागतो.

ट्रूइंग स्टँड (चाक अडकवून आऊट काढायचा स्टँड) घ्यायचा का, तर दोन-चार सायकली घरात असतील किंवा पुढे चाकं स्वतः बांधायची असतील तरच, एका सायकलसाठी चिमटाच स्टँडचं काम करतो.

आणि दुकानात न्यायचं ठरवलंत तर दुपारी गर्दी नसताना न्या आणि बाजूला उभे राहा. आमच्या इथले काका चिमट्यावर अंगठा टेकवून नखाने रिमची कड चाचपतात, चाक फिरत असतं आणि नखाला रिम लागली की तिथेच थांबवून चावी लावतात. मला पाव फेरा म्हणजे किती ते त्यांच्या मनगटाकडे बघूनच कळलं.